समईमागचा माणूस

चोविसाव्या वर्षी मी एक लढाई पुसली. ओल्या फडक्यानं. सगळी नाही, वीतभरच. पण त्या वीतभर जागेत एक माणूस बसला होता, आणि तो माझ्या फडक्यावर आला.

आता मी पंचाहत्तरीत आहे. त्या मुलीची कीव यायला हवी, पण येत नाही, हसूच येतं. बी.ए. होती ना ती, तेही इतिहास घेऊन! सासरी येऊन दोन महिने झाले होते. येणारा-जाणारा 'शिकलेली सून' म्हणायचा, आणि ते बाईसाहेबांच्या डोक्यात चढलं होतं.

चित्र आमच्या मठातलं. मठ म्हणजे मोठं काही समजू नका. कुंभकोणमात आम्ही जी थोडी मराठी घरं आहोत, ज्यांचे पूर्वज तंजावरच्या राज्याबरोबर इकडे आले आणि मग परत जायचं विसरले, त्यांची भजनाची जागा. एक अंगण, एक लांब ओसरी, राममूर्ती, आणि भिंतीवर दरवाज्याच्या अर्ध्या फळीएवढं लढाईचं चित्र. काचेवर काढलेलं. तंजावरकडे ही एक तऱ्हा आहे: रंग काचेच्या पाठीमागून लावायचे आणि बघायचं पुढून. त्यामुळे चित्राला धूळ लागत नाही, हात लागत नाही, ते शंभर-दोनशे वर्षं सुखानं राहतं. एखादी शिकलेली सून येईपर्यंत.

आमच्यात रीत अशी की त्या वर्षी घरात नवी आलेली सून रामनवमीच्या आधी हे चित्र पुसते. माझ्या आधीच्या सगळ्या सुनांनी पुढून काच पुसली आणि त्या घरी गेल्या. मी पुढून पुसली. डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात एक काळपट डाग राहिला. तिथं चित्रासमोर पुरुषभर उंचीची समई असते, तिची काजळी असणार. पुन्हा पुसला. जाईना. मग मी विचार केला. मी विचार करते तेव्हा घरच्यांनी सावध व्हावं, हे त्या काळी कुणाला माहीत नव्हतं. बाहेरून जात नाही, म्हणजे डाग आतून आहे. मी चित्र उतरवून घेतलं, मागच्या फळीचे खिळे चिमट्यानं काढले, आणि आतून पुसला.

डाग छान निघाला. पुढून बघितलं, तर लढाईच्या कोपऱ्यात काचेतून आरपार मला माझी बांगडी दिसली.

दुसरी कुणी रडली असती. मी घरी पळाले, लग्नातला हिरवा खण काढला, हातभर तुकडा कापला, भाताची खळ केली, आणि काचेमागून तो खण चिकटवला. फळी ठोकली, चित्र टांगलं, समई होती तिथं ठेवली. पुढून पाहिलं, तर रणधुमाळीच्या कोपऱ्यात छोटंसं हिरवंगार शेत. इतकं शोभलं ते, की मी स्वतःवर खूश होऊन घरी आले आणि दोन वाट्या जास्त जेवले.

पाच दिवसांनी रामनवमी. पानक, म्हणजे गुळाचं पन्हं, वाटून झालं, ताक वाटून झालं, आणि सेतुमामा चित्रासमोर आले. समईच्या मागं वाकले. उठले. पुन्हा वाकले.

"माणूस कोठे गेला?" ते म्हणाले.

"कोणता माणूस?" माझ्या सासूबाईंनी विचारलं.

"इथं बसलेला. घोड्याचा वैद्य."

माझ्या हातातलं पानकाचं भांडं तेवढं पडलं नाही, इतकंच. तेव्हा मला कळलं की मी डाग पुसला नव्हता.

*

सेतुमाधवराव हे पूर्ण नाव. मठाला लागून तिसरं घर त्यांचं. तेव्हा ते चाळिशीच्या उंबऱ्याशी होते. सरकारी गुरांच्या दवाखान्यात निरीक्षक. सायकलच्या दांड्याला खाकी पिशवी; तिच्यात औषधाच्या बाटल्या, दोरी, दाभणाएवढी सुई, आणि सगळ्यांत वर केळीच्या पानात गुंडाळलेली विड्याची पानं. इन्नंबूर, सुंदरपेरुमाळ कोयिल, कधी पार आडुतुरैपर्यंत सायकल. गावातली माणसं त्यांना 'माट्टु डॉक्टर' म्हणत, म्हणजे गुरांचा डॉक्टर. ते डॉक्टर नव्हते, पण गाईंची काही तक्रार नव्हती.

या माणसाची गंमत अशी की ते दिवसभर जी नजर जनावरांवर लावायचे, ती संध्याकाळी घरी येताना काढून ठेवायला विसरायचे. तुमच्या घरी आले की तुमच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत. चालताना बघायचे. "डाव्या पायावर भार देत नाहीस. चप्पल बदल." माझे यजमान एकदा तापानं पडले होते, तर यांनी येऊन त्यांच्या पापणीची खालची कड ओढून पाहिली, जीभ बघितली, आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "उद्यापर्यंत उभा राहील." यजमान चिडून दुसऱ्या दिवशी खरंच उभे राहिले.

मला दिवस गेले ते घरात सगळ्यांत आधी कळलं सेतुमामांना. मी यजमानांनासुद्धा सांगितलं नव्हतं. मामा आमच्या ओसरीवर पान लावत बसले होते. सासूबाईंना म्हणाले, "तुळजा परवापासून पान खात नाही. गाईनं चारा सोडला तर दोनच कारणं असतात. ताप तर नाही, मी बघितलं." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरात पळाले. मागून मामांचा आवाज आला, "पळते बरी. म्हणजे सगळं ठीक आहे."

मी हे सगळं तुमच्या पुस्तकी मराठीत लिहिते आहे, आणि मामांचं बोलणंही बरंचसं तसंच करून टाकलं आहे. आमची घरची मराठी तुमच्या पणजोबांच्याही पणजोबांची, वर तमिळची फोडणी. पुण्याकडची माणसं ती ऐकून आधी हसतात आणि मग रेकॉर्ड करून घेतात.

तर चित्र. मधोमध पांढऱ्या घोड्यावर एक राजा, सोन्याचा वर्ख लावलेला, डाव्या हातात उगारलेली तलवार. समोरून दोन हत्ती. खाली नदी, तिच्यात ढाली तरंगताहेत. आभाळात बाण इतके की सूर्य दिसत नाही. इकडेतिकडे तुटलेली मुंडकी, आणि प्रत्येक मुंडक्याच्या चेहऱ्यावर अशी तक्रार की जणू त्याला पंगतीतून उठवलं आहे. लढाई कोणती? याला कुंभकोणमात जितकी मराठी घरं तितकी उत्तरं. कुणी म्हणे चोळांची, कुणी म्हणे देवगिरीच्या यादवांची. खाली काही लिहिलेलं नाही. एकाच गोष्टीवर सगळ्यांचं एकमत, की चित्रात आपापला पूर्वज आहे आणि तो जिंकतो आहे.

सेतुमामा दर रामनवमीला मुलांना समोर बसवून हे चित्र वाचायचे. 'दाखवायचे' नाही, 'वाचायचे', त्यांचाच शब्द. हातात वेताची छडी, पण ती काचेला कधी लागायची नाही.

"राजाकडे बघू नका," इथून सुरुवात. "राजा चित्रकाराच्या समोर बसला होता. घोडा बसला नव्हता. खरं काय जाहलं ते घोड्यास विचारा."

मग घोडा. "कान कोठे आहेत? मागे पडलेत. डोळ्याचं पांढरं दिसतं का? दिसतं. पुढचे दोन्ही पाय एकत्र रोवलेत. हा घोडा धावत नाही बाळांनो, हा थांबला आहे. पुढे जायचं नाही हे त्यानं ठरवलं आहे. वर राजा अजून ओरडतो, कारण राजास कळायला वेळ लागतो."

मुलं हसायची. मग हत्ती. "सोंड आत गुंडाळली आहे, शेपूट ताठ. हा रागावलेला नाही, भ्यालेला आहे. आता हा मागे वळणार आणि आपलीच माणसं तुडवणार."

"मग जिंकलं कोण, मामा?" हा प्रश्न दरवर्षी एक तरी कारटं विचारायचंच.

"वर बघ," मामा म्हणायचे, आणि छडी आभाळातल्या गिधाडांवर न्यायचे. "ती."

मोठ्या माणसांना हे वाचन अजिबात आवडायचं नाही. विशेषतः माझ्या सासऱ्यांना. ते डावखुरे होते. आमच्या घरात दोन पिढ्यांआड एक डावखुरा जन्मतो, आणि राजाच्या डाव्या हातात तलवार! आणखी काय पुरावा पाहिजे? राजा आमचा मूळपुरुष. सासरे पत्राखाली सही करताना हात जरा उंच धरून करायचे, सगळ्यांना दिसावं म्हणून. या नात्यानं रामनवमीचा पहिला विडा आमच्या घरालाच मिळायचा.

एका रामनवमीला सेतुमामा घरून दाढीचा आरसा घेऊन आले. मुलांना चित्राकडे पाठ करून बसवलं, आरसा त्यांच्यापुढं धरला आणि म्हणाले, "आता आरशात बघा. राजाची तलवार कोणत्या हातात?"

"उजव्या!" मुलं ओरडली.

"आणि म्यान?"

"डाव्या कमरेला!"

"सगळ्या शिपायांची?"

"सगळ्यांची डाव्या!"

"सरि," मामा म्हणाले, म्हणजे ठीक. "चित्रकारानं कागदावरचं चित्र काचेखाली ठेवून गिरवलं. काच उलटली, तसं सगळं उलटं जाहलं. नाही तर या लढाईत दोन्ही बाजूंना एकही उजवा माणूस नव्हता असं म्हणावं लागेल. अशी फौज मी तरी ऐकली नाही."

सासरे उठून गेले. चार महिने त्यांनी सेतुमामांशी बोलणं टाकलं. मग आमची लक्ष्मी गाय अडली. सासऱ्यांनी माझ्या यजमानांना पाठवलं, स्वतः दारात उभे राहिले. मामा आले, बाह्या सारल्या, दोन तास गाईजवळ बसले. वासरू झालं. हात धुताना सासऱ्यांकडे न बघता म्हणाले, "वासरू उजवं आहे." सासरे आधी लाल झाले आणि मग इतके हसले, की त्यांना खांबाला धरावं लागलं. त्या दिवसानंतर विडा आमच्याकडेच राहिला, पण सासरे त्यातलं एक पान काढून आधी मामांना द्यायचे.

*

आता तो कोपरा. हा मी मुद्दाम मागे ठेवत होते, जसा पन्नास वर्षं ठेवला.

मामांच्या वाचनाचा शेवट तिथं व्हायचा, समईच्या मागं. माझ्या लग्नाच्या आधीच्या सगळ्या वर्षांत. सणाच्या दिवशी समई बाजूला करायची परवानगी नव्हती, त्यामुळे मुलं एकेक करून आत डोकावायची, आणि काजळीत काही दिसलं नाही तरी 'हो, हो' म्हणून परत यायची. मोठ्यांपैकी कुणी कधी वाकलंच नाही. तिथं काय होतं, ते मला मामांच्याच तोंडून कळलं. गुडघ्यावर बसलेला एक माणूस. पागोटं नाही, ढाल नाही, तलवार नाही. त्याच्यापुढं घोडा आडवा पडलेला, आणि हा त्याच्या पायातला बाण काढतो आहे. एका हातानं बाण, दुसरा हात घोड्याच्या मानेवर.

"एवढ्या गर्दीत त्या एकट्यास कोण जिंकतो याच्याशी काही घेणं नाही," मामा म्हणायचे. "त्यास फक्त विचारायचं आहे, कोठे दुखतं."

आणि मग जरा हळू आवाजात, "आमच्या घरचे घोड्यांचे वैद्य म्हणून इकडे आले. आजोबा सांगत. सरदार नव्हे, मानकरी नव्हे. चित्रात आमचं कोणी असेल तर तो."

सगळ्यांना आपापले राजे आणि सेनापती; या माणसानं मागून मागून मागितलं काय, तर काजळीतला एक गुडघ्यावर बसलेला वैद्य. आणि तो मी भाताची खळ लावून झाकला.

त्या पहिल्या रामनवमीलाच बोलायला हवं होतं. पण नवी सून, पहिला सण, सासरे मठाचे कारभारी. म्हटलं, पुढच्या वर्षी सांगू. पुढच्या वर्षी पोटात मूल होतं. त्याच्या पुढच्या वर्षी ते मूल मांडीवर होतं. खोटं बोलायला धीर लागतो, गप्प राहायला काहीच लागत नाही. नुसतं स्वयंपाकघरात काम काढायचं. मी दर रामनवमीला मामांचं वाचन त्या कोपऱ्यापाशी आलं की कोशिंबीर कालवायला आत जायची. आमच्या मठात कोशिंबीर फार चांगली कालवलेली असायची.

मामा मात्र हटले नाहीत. "इथं शेत नव्हतं, इथं माणूस होता," दरवर्षी. जुना एक फोटो काढून पाहिला, तर त्यात समई स्पष्ट आणि मागचं काहीच नाही. हळूहळू लोकांना त्याची मजा वाटायला लागली. पुढं आमच्यात म्हणच पडली. बस वेळेवर आली नाही की कुणीतरी म्हणायचं, "ती बस म्हणजे सेतुमामांचा माणूस." हरवलेली चावी, न आलेलं पत्र, निवडणुकीत दिलेलं वचन, सगळं 'सेतुमामांचा माणूस'. मामांच्या समोरही म्हणायचे. ते हसायचे आणि पान लावायचे. मीही हसायची. ते लिहिताना मात्र हसू येत नाही.

बारा-पंधरा वर्षांपूर्वी पुण्याहून एक मुलगी आली, जुन्या चित्रांचा अभ्यास करणारी. गोड मुलगी. तिनं समई बाजूला करायला लावली, जे पुसायच्या दिवसाखेरीज आमच्यापैकी कुणाला जमलं नव्हतं, आणि मोबाइलचा दिवा पाडून त्या कोपऱ्यासमोर पाऊण तास बसली. मग उठून ओसरीवर सगळ्यांना सांगितलं, की हा हिरवा रिकामा भाग म्हणजे या चित्राचं मर्म आहे. सगळीकडे रक्तपात, आणि कोपऱ्यात चित्रकारानं कावेरीकाठचं शांत भातशेत ठेवलं आहे. एकही रेघ नाही, नुसता रंग. काळाच्या किती पुढं होता तो! आणि तो हिरवा इतका वेगळा आहे, तिनं असा हिरवा दुसऱ्या कुठल्याच चित्रात पाहिला नाही.

कसा पाहील? तो कुंभकोणमच्या बाजारातला होता.

मी कोशिंबिरीची वाटी घेऊन दारात उभी होते. माझ्या खणाची अशी स्तुती शिंप्यानंही केली नव्हती. पोटात हसू दाबून धरलं होतं, तोच सेतुमामा खुर्चीतून म्हणाले, "बाळ, तिथं शेत नाही. तिथं एक माणूस होता."

त्या मुलीनं फार प्रेमानं विचारलं, "काका, तुम्हाला नक्की आठवतंय का?"

मागं कुणीतरी फस्सकन हसलं. मामांनी त्या मुलीकडे पाहिलं, मग चित्राकडे. "आठवतं," ते म्हणाले. पण ते 'आठवतं' आधीच्यासारखं नव्हतं. मी पाहिलं, मामांकडूनच शिकले होते मी बघायला. त्यांचा हात छडीवर घट्ट नव्हता.

मामी गेल्यावर ते एकटे राहायचे. मुलगी सीता चेन्नईत. मी सकाळची कॉफी घेऊन जायची, आणि त्यांना आवडायची म्हणून कधी उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगर पच्चडी. पंच्याऐंशी उलटल्यावर ते विसरायला लागले. गॅस बंद करायचं, कुलूप लावायचं. एकदा त्यांनी मलाच विचारलं, सायकल कुठं आहे? सायकल विकून वीस वर्षं झाली होती. सीता आली, त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. तिथं त्यांना वार विचारले, महिना विचारला, पाच वस्तू दाखवून पुन्हा सांगायला लावल्या. सीतानं ठरवलं की रामनवमी झाली की त्यांना चेन्नईला न्यायचं.

रामनवमीच्या चार दिवस आधी मी कॉफी घेऊन गेले. मामा खिडकीशी बसले होते.

"या वर्षी चित्र मी वाचणार नाही, तुळजा," ते म्हणाले.

"का मामा?"

"मज जे होतं ते आठवत नाही, म्हणतात. मग नव्हतं ते आठवलं असेल." कॉफीचा पेला त्यांनी वाटीत ओतला, परत पेल्यात ओतला. "तो माणूस नव्हताच बहुधा. आजोबांनी सांगितलं, मी लहान होतो, मीच तिथं काढून बसवला. पावम्, एवढी वर्षं मुलांना वाकायला लावलं."

पावम् म्हणजे बिचारी. बिचारी मुलं, असं म्हणाले. स्वतःला नाही म्हणाले.

मी घरी आले आणि त्या दिवशी मला कोशिंबीर कालवायला नव्हती.

*

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या रामनवमीला. दुसऱ्याच दिवशी पहाटे सीता त्यांना घेऊन गेली, आणि आषाढात निरोप आला. त्यालाही आता तीन वर्षं झाली.

सकाळी पानक वाटून झालं. मुलं सवयीनं चित्रासमोर बसली. मामा खुर्चीत, छडी सीताच्या हातात. कुणी उठेना. मग मी उठले. गुडघ्यांनी कुरकुर केली, त्यांना म्हटलं, थांबा जरा, पन्नास वर्षांचं काम आहे.

"ते शेत नाही," मी म्हणाले. "तो माझा खण आहे."

मग माझे यजमान म्हणाले, "काय बोलतेस?"

मी सगळं सांगितलं. काजळी, चिमटा, फडकं, भाताची खळ. पुण्याच्या मुलीपर्यंत आले तेव्हा दोन-तीन जण हसायला लागले, मग त्यांनी मामांकडे पाहिलं आणि थांबले. यजमानांचं तोंड उघडंच होतं.

"म्हणजे एवढी वर्षं मी दर रामनवमीला तुझ्या खणास नमस्कार केला?"

"घरी कधी केला नाहीत," मी म्हटलं. "मठात तरी झाला."

दोघा तरुणांनी चित्र उतरवून अंगणात आणलं, पाट मांडून त्यावर उलटं ठेवलं. खिळे गंजले होते. फळी निघाली. खळीला कसर लागली होती, तरी खण सोडायला तयार नव्हता. हिरवा, काठासकट, आतल्या बाजूनं अजून नवा. मी नखानं कडा उचलली आणि तो सरसर निघून आला. खाली नुसती काच.

आणि नुसती नव्हे. चित्रकार काचेवर सगळ्यांत आधी रेघ ओढतो, रंग नंतर भरतो. माझ्या फडक्यानं रंग नेला होता, रेघ पुरती निघाली नव्हती. दोघांनी काच उन्हाकडे उभी धरली, तेव्हा दिसली. केसाएवढी बारीक. वाकलेली पाठ, एक गुडघा, आणि पुढं केलेला हात.

सीतानं तोंडाला पदर लावला. मुलं धक्काबुक्की करत पुढं आली. ज्या मंडळींनी म्हण पाडली होती, ती पाय न वाजवता मागं सरकली.

सेतुमामा खुर्चीतून उठले. कुणाचा हात घेतला नाही. काचेपाशी येऊन वाकले, ते किती वेळ वाकलेलेच. बोट त्या पाठीच्या रेघेवरून फिरवलं, काचेला न लावता. मग गुडघ्यावरून. मग हातावरून, आणि हात संपतो तिथं बोट थांबलं. पुढं काच कोरी होती. तिच्यातून अंगणातली तुळस दिसत होती.

मी म्हटलं, "मामा, माझ्या हातून झालं. आणि सगळे तुम्हाला हसले तेव्हा मीही हसले."

ते माझ्याकडे वळले. आधी माझे पाय बघितले, मग हात, मग पापणीची खालची कड ओढून बघावी तसं अगदी जवळून तोंडाकडे. डोळे भरलेले होते, आणि त्या भरलेल्या डोळ्यांत कित्येक वर्षांत न पाहिलेला जुना खट्याळपणा होता.

"माणूस आहे की गे, इथंच आहे," ते म्हणाले. "पण मग घोडा कोठे? तोही तूच पुसलास, की पाय बरा जाहल्यावर आपला उठून गेला?"